गप्प झालेला सातभाई

‘क्यें क्यें क्यें, क्येंक् क्येंक्!’ असा एक कलकलाट फार वर्षांपूर्वी एका रानातून उठत असे. सूर्य डोंगराआड गेला की ओढ्याकाठच्या बाभळीवर तो सुरू होई आणि अंधार दाटेपर्यंत चाले. गुरे घेऊन घराकडे वळलेल्या माणसांचे कान किटून जात. पण ज्याने तो आवाज लहानपणी ऐकला, त्याच्या कानात तो म्हातारपणीही राहतो. तो आवाज सातभाईंचा होता. त्या रानात सातभाईंचा एक थवा राहत असे.

मुलांनो, सातभाई तुम्ही पाहिले असतील. मातकट रंग, पांढुरके डोळे आणि पिसे नेहमी विस्कटलेली, जणू आताच कुणीतरी झोपेतून उठवले आहे. दिसायला त्यांच्यात काही खास नाही आणि गाणे तर मुळीच येत नाही. पण एक गोष्ट त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला जमत नाही. ते एकटे राहत नाहीत. एकजण उंच फांदीवर पहारा करतो, बाकीचे खाली पाचोळा उलटून किडे शोधतात. साप दिसला की पहारेकरी ओरडतो, मग सगळेच ओरडू लागतात, आणि एवढा गोंगाट होतो की सापच कंटाळून निघून जातो.

आणि संध्याकाळी? संध्याकाळी ते सगळे एका फांदीवर अंगाला अंग लावून बसत आणि ‘दिवस सांगायला’ लागत. ही त्या थव्याची जुनी रीत होती. ज्याला जे दिसले, ज्याने जे खाल्ले, जो जिथे धडपडला, ते सगळे शेजारच्याला सांगायचे. सगळे एकदमच बोलत. आपल्याला तो नुसता कलकलाट वाटे, पण त्यांना त्यातला शब्द न् शब्द कळे. शेजारच्याचा दिवस ऐकल्याशिवाय कुणी डोळे मिटत नसे.

या थव्यातला एक तरुण सातभाई शिकायला जात असे. ओढ्यापलीकडे एका वडावर मोठ्या वाकड्या चोचीचा एक म्हातारा धनेश राहायचा. तो आवाजांची विद्या शिकवी. कोणता पक्षी आनंदात कसा बोलतो, भ्याला की कसा बोलतो, पिल्लांना कशी हाक मारतो, हे सगळे तो शिकवी. थव्यातून यापूर्वी कुणी शिकायला गेलेच नव्हते. हा पहिलाच. सकाळी जायचा, दुपारी एकटाच परत यायचा. हुशार होता. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखायचा.

त्याचा थोरला भाऊ मोठा थट्टेखोर. त्याने याचे नावच ‘गुरुजी’ ठेवले होते.

“काय गुरुजी, हा आत्ता कोण बोलला?”

“तांबट.”

“आणि हा?”

“तो तूच, दादा. तोंडात किडा धरून बोलतोयस.”

सगळा थवा पंख झाडून हसायचा. थोरला सगळ्यात जास्त हसायचा. नंतर शेजारच्या झाडावरच्या बुलबुलांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणायचा, “आमचा धाकटा आहे हा. धनेशाकडे शिकतो, म्हटलं!”

त्या वर्षी उन्हाळा लांबला होता. पाचोळा वाळून कुरकुरीत झाला होता आणि त्याखाली किडे फार थोडे उरले होते. त्यातच आईच्या घरट्यात नवी पिल्ले होती. सातभाईंमध्ये पिल्ले एकट्या आईची नसतात, ती सगळ्या थव्याची असतात. किडे कमी म्हणून आईने यंदा एकेक पिल्लू एकेकाला वाटून दिले. सगळ्यात लहान, मानेवर अजून पिसेही न फुटलेले पिल्लू उरले.

“हे मी भरवीन, आई,” तरुण सातभाई म्हणाला. “माझी शिकवणी दुपारी सुटते. ओढ्याकाठी अजून ओल आहे, येताना तिथले किडे घेऊन येत जाईन.”

“नाजूक आहे रे ते. वेळ चुकवू नकोस.”

“नाही चुकवणार.”

आणि त्याने खरोखर कधी वेळ चुकवली नाही. पिल्लाला अजून नीट दिसतही नव्हते, पण त्याच्या पंखांचा आवाज ते बरोबर ओळखायचे. तो फांदीवर टेकायच्या आत ‘चुईं!’ करून चोच उघडायचे. भरवून झाले की हा त्याला कोकिळेचा आवाज काढून दाखवायचा, साळुंकीचा काढून दाखवायचा. पिल्लू प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे, “चुईं!” तो म्हणायचा, “वा! माझ्याहून हुशार निघणार हा!”

एके दुपारी तो ओढ्याकडून परत येत होता. चोचीत एक लठ्ठ हिरवी अळी होती. वाटेवर ऐनाचे दाट झाड होते आणि त्याखाली एक जुना ओंडका पडला होता. तिथून तो जाणार, तोच वरच्या पानांतून आवाज आला, “थांब!”

आवाज कोतवालाचा होता.

कोतवाल हा काळा कुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. अंगाने लहान, पण घारीच्याही पाठीमागे लागतो. कावळा त्याच्या झाडाकडे फिरकत नाही. म्हणून लहान पक्षी मुद्दाम त्याच्या आसऱ्याला घरटी बांधतात. रानात कोतवालाच्या शब्दाला मान होता. तो बोलला की सगळे ऐकत.

“अळी त्या ओंडक्यावर ठेव,” आवाज म्हणाला. “मान वर करायची नाही. धनेशाकडे शिकायला जातो तो तूच ना?”

“हो. मीच,” अळी ओंडक्यावर ठेवून तो म्हणाला.

“आईच्या घरट्यातलं सगळ्यात लहान पिल्लू तुझ्याकडे आहे?”

“हो, पण...”

“शेपटीचं एक पीस गळलंय तुझं.”

तरुण सातभाई दचकला. हे याला कसे ठाऊक? तेवढ्यात वरून एक मातकट पीस गिरक्या घेत त्याच्या पुढ्यात पडले. त्याचेच होते.

“बुलबुलीच्या घरट्यात सापडलं हे. काल कुणीतरी तिची अंडी फोडली.”

“मी नाही! मी त्या बाजूला गेलोसुद्धा नाही!”

“पकडला गेला की प्रत्येकजण हेच म्हणतो,” आवाज थंडपणे म्हणाला. आणि त्याच पानांतून बुलबुल रडू लागली. “हाच तो! हाच!” मग तांबट बोलला, “टुक् टुक्. मीही पाहिलं याला.” मग लहान पक्ष्यांवर झडप घालणारा शिक्रा दूर असल्यासारखा किंचाळला, इतका खरा की सातभाई अंग चोरून बसला.

त्याने ते सगळे आवाज ओळखले. एकात एवढासाही फरक नव्हता. बुलबुल, तांबट, शिक्रा आणि सगळ्यांवर कोतवाल. त्याची विद्या त्याला सांगत होती की हे खरे आहे.

“आता ऐक,” आवाज जरा मऊ झाला. “तू शिकणारा मुलगा दिसतोस, म्हणून सांभाळून घेतोय. चौकशी होईपर्यंत तू माझ्या ताब्यात आहेस. पिंजरा नाही, बेडी नाही. शिकायला जा, घरी जा. फक्त तोंड उघडायचं नाही. थव्यात एकालाही कळलं, तर तुझ्यापायी सगळ्यांना रानाबाहेर काढीन. घरट्यासकट.”

“आणि माझी अळी? पिल्लू उपाशी आहे.”

“चोरीची आहे की नाही ते तपासायला नको? रोज जे मिळेल ते या ओंडक्यावर आणून ठेवायचं. निर्दोष ठरलास की सगळं परत. एक किडा कमी भरणार नाही.”

मुलांनो, तुम्ही म्हणाल, त्याने वर का नाही पाहिले? एकदा मान वर केली असती तर! खरे आहे. पण भीती मनात शिरली की मान आपोआप खाली जाते. खाली गेलेल्या मानेला फक्त आपले पाय दिसतात आणि आपलेच पाय चुकीच्या वाटेवर गेले असतील असे वाटू लागते.

वर पानांत कोण होते ते आता तुम्हाला सांगून टाकायला हवे. तो होता भृंगराज. दिसायला कोतवालासारखाच काळा, पण शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकांना झुपके. त्याला स्वतःचा आवाज फारसा नव्हता, पण दुसऱ्या कुणाचाही आवाज तो हुबेहूब काढी. भीती घालायची आणि पळणाऱ्याचा घास उचलायचा, असा त्याचा उद्योग होता. कित्येक संध्याकाळी तो बाभळीजवळ बसून सातभाईंचे दिवस ऐकत होता. शिकवणी, लहान पिल्लू, गळलेले पीस, सगळे त्याला तिथूनच कळले होते. सातभाईंना काही लपवायची सवयच नव्हती. त्यांना वाटे, आपण आपल्या माणसांना सांगतो आहोत. पीस त्याने बाभळीखालून उचलले होते.

त्या दुपारी तरुण सातभाई घरट्याशी रिकाम्या चोचीने आला. पिल्लाने ‘चुईं!’ केले. तो घाईघाईने परत खाली गेला, स्वतःसाठी शोधलेला एक वाळका किडा आणला आणि भरवला. पिल्लू गिळून पुन्हा चोच उघडून बसले.

“उद्या,” तो म्हणाला. “उद्या मोठी आणतो.”

संध्याकाळी फांदीवर कलकलाट सुरू झाला. तो गप्प बसला.

“गुरुजी, आज दिवस सांगायचा नाही वाटतं?” थोरल्याने विचारले.

“आज काही झालंच नाही, दादा.”

“ऐका रे, ऐका! आमच्या गुरुजींचा आज दिवसच उजाडला नाही!”

सगळे हसले. तोही थोडा हसला. दुसऱ्या संध्याकाळीही तो गप्पच होता. तिसऱ्या संध्याकाळी कुणीतरी म्हणाले, “परीक्षा जवळ आली असेल त्याची.” दुसरे म्हणाले, “मोठ्या गोष्टींचा विचार करत असेल. बोलू नका त्याच्याशी.” आणि कधी नव्हे ते त्यांनी कौतुकाने त्याच्या दोन्ही बाजूंना थोडीथोडी जागा सोडली. जिथे कुणाला गप्प बसू देत नसत, तिथे शिकलेल्याला मात्र त्यांनी मानाने गप्प राहू दिले. त्या सोडलेल्या जागेतून वारा आत यायचा. त्याला रात्रभर थंडी वाजायची.

रोज दुपारी तो ओंडक्याशी जाई. आधी तो स्वतःच्या वाट्याचे ठेवी आणि पिल्लाचे वाचवी. मग आवाज म्हणाला, “एवढंच? चौकशी लांबतेय. आणखी लागेल.” मग तो पिल्लाच्या वाट्यातले अर्धे ठेवू लागला. मग अर्ध्याहून जास्त. दर वेळी त्याला वाटे, आज शेवटचे. उद्या सुटका होईल, सगळे परत मिळेल, पिल्लाला पोटभर भरवू आणि हे कुणाला कळणारही नाही.

आई विचारी, “भरवलंस का रे?”

“हो,” तो सांगे.

एका संध्याकाळी इतर सगळे अजून खालीच होते. आई त्याच्याजवळ येऊन बसली आणि चोचीने त्याच्या मानेवरची पिसे विंचरू लागली. लहानपणी विंचरायची तशीच.

“किती बारीक झालीय मान तुझी,” ती म्हणाली. “हाड लागतंय चोचीला. काय झालंय रे?”

 इतक्या दिवसांत त्याला कुणी असे जवळ घेतले नव्हते. त्याने चोच उघडली.

“आई, तो ओंडक्यापाशी...”

“अगं आई, ऐकलंस का!” थोरला खालून उडत आला. त्याच्या मागोमाग सगळे आले. “ती पलीकडची साळुंकी! भलामोठा नाकतोडा पकडला होता तिनं. कुणीतरी झाडातून शिक्र्याचा आवाज काढला, तशी ही नाकतोडा टाकून पळाली! परत येऊन बघते तर नाकतोडा गायब आणि शिक्रा कुठंच नाही!”

“अगदीच बावळट ती!”

“आवाज ऐकला की पळायचं? डोळे कशाला दिलेत?”

“चार दिवस ती रडतेय म्हणे.”

“रडू दे! अक्कल गहाण ठेवली की असंच व्हायचं,” थोरला म्हणाला. “आमच्या गुरुजींना फसवून दाखवा म्हणावं कुणीतरी!”

आणि सगळे खो खो हसले.

तरुण सातभाईच्या मनात काहीतरी सर्रकन हलले. झाडातून काढलेला आवाज. न दिसलेला शिक्रा. त्याला कळले नाही असे नाही. त्याला क्षणभर सगळे कळले. पण मग त्याच्या डोळ्यांपुढे ते हसू आले. उद्या हे सगळे असेच हसतील. दादा बुलबुलांना काय सांगेल? आणि जे इतके दिवस दिले, ते गेले म्हणायचे? पिल्लाच्या तोंडचे उगाचच गेले म्हणायचे? नाही. तो कोतवालच आहे. कोतवालच असायला हवा.

“काय म्हणत होतास?” आईने विचारले. “कुठल्या ओंडक्यापाशी?”

“काही नाही, आई. अभ्यास जरा वाढलाय.”

“आम्हाला काय कळणार बाबा त्यातलं,” आई म्हणाली आणि त्याची मान विंचरत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तो घरट्याशी टेकला. त्याच्या पंखांचा आवाज होऊनही पिल्लाने मान वर केली नाही. जरा वेळाने चोच उघडली, पण ‘चुईं’ आले नाही. नुसती उघडी चोच.

तो त्या दिवशी धनेशाकडे गेलाच नाही. सकाळभर ओढ्याकाठचा चिखल उकरत राहिला. दुपार होता होता त्याला एका कुजक्या मुळाखाली पांढरी, जाड हुमणी अळी सापडली. तेवढ्या एका घासाने पिल्लाच्या अंगात धुगधुगी आली असती. तो ती घेऊन सरळ घराकडे सुटला. मनाशी ठरवले होते, आज ओंडक्याकडे बघायचेही नाही.

“कुठे निघालास?” ऐनातून आवाज आला.

“आज नको,” तो हुमणी पायाखाली धरून म्हणाला. “पिल्लू मान उचलत नाही. आज एवढी नेऊ द्या. उद्या दुप्पट आणतो, पाया पडतो.”

“आजच निकाल आहे तुझा. आज ठेवलंस की सुटलास. निघून गेलास तर थवा आजच रानाबाहेर. ठरव.”

त्याने घराच्या दिशेने पाहिले. मग ओंडक्याकडे. मग हुमणी उचलली आणि ओंडक्यावर ठेवली.

त्याच वेळी खाली ओढ्यावर एक गवा पाणी प्यायला आला. त्याच्या पाठीवर कोतवाल बसला होता. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा, खराखुरा कोतवाल. गव्याच्या पायांतून उडणारे किडे तो टिपत होता आणि आता एक मोठी माशी चोचीत धरून निवांत बसला होता. त्याची चोच मिटलेली होती.

आणि वर ऐनात कोतवाल ओरडत होता, “मान खाली! तिकडे काय बघतोस?”

तरुण सातभाईने हळूहळू मान वर केली. पानांत दोन लांब तारा लोंबत होत्या आणि त्यांच्या टोकांना झुपके होते.

भृंगराज दचकलाही नाही. तो खाली उतरला, ओंडक्यावरची हुमणी उचलली आणि गिळून टाकली.

“तू...” सातभाई म्हणाला. “तू मला धरून ठेवलंस.”

“मी? मी कधी हात लावला तुला?” भृंगराज चोच पुसत म्हणाला. आता त्याचा आवाज कुणाचाच नव्हता. “पंख तुझे होते. वाट तुझी होती. रोज तूच येत होतास.”

“माझ्याकडेच का आलास? मी काय केलं होतं तुझं?”

“काही नाही. तुम्हा सातभाईंना एकच गोष्ट चांगली येते, ओरडणं. तू पहिल्या दिवशी एकदा जरी ओरडला असतास, तरी मी या रानात थांबलो नसतो. सगळा थवा अंगावर आला की कोण टिकतंय? म्हणून तर आधी तोंड बंद करायला सांगितलं.” तो उडायला निघाला आणि पुन्हा थांबला. “तुझे भाऊ ओरडले असते. तू ओरडणार नाहीस हे मला त्यांच्याकडूनच कळलं. रोज संध्याकाळी सांगायचे ना, आमचा धाकटा फार शहाणा म्हणून. शहाण्याला हसं व्हायची फार भीती असते.”

आणि तो झाडांत दिसेनासा झाला.

तरुण सातभाई घराकडे उडाला. वाटेत जे मिळेल ते उचलावे म्हणून एकदा खाली उतरला, पण पाचोळ्यात काही नव्हते. तो रिकाम्या चोचीनेच घरट्यावर टेकला. बाकीच्या पिल्लांनी चोची उघडल्या. त्या लहान पिल्लाची मान घरट्याच्या काठावर टेकलेली होती, त्याच्या येण्याच्या वाटेकडे. त्याने पंख फडफडवले. कोकिळेचा आवाज काढला. साळुंकीचा काढला. पुन्हा पंख फडफडवले.

मग तो ओरडला.

इतक्या दिवसांचे साठलेले सगळे त्या ओरडण्यात होते. सगळा थवा जिथे होता तिथून धावून आला. थोरला सर्वांत पुढे होता, साप आला असे समजून पिसे फुलवून. घरट्यापाशी येऊन त्याने पाहिले आणि त्याची पिसे हळूहळू खाली बसली.

संध्याकाळ झाली. सगळे फांदीवर येऊन बसले. तरुण सातभाई अगदी टोकाला, एकटा बसला होता.  मग थोरला सरकत सरकत त्याच्याजवळ गेला आणि ती मधली जागा त्याने स्वतःच्या अंगाने भरून टाकली.

“सांग,” तो म्हणाला.

आणि त्याने दिवस सांगितला. आजचा, कालचा, परवाचा, सगळे दिवस. ओंडका, पीस, बुलबुलीचे रडणे, अर्धा घास, अर्ध्याहून जास्त घास. तो सांगत होता आणि त्या थव्यात पहिल्यांदाच एकटा एकजण बोलत होता आणि बाकी सगळे ऐकत होते.

“अरे, पण आम्हाला एका शब्दानं सांगितलं असतंस...” थोरला म्हणाला.

“सांगणार होतो, दादा. त्या साळुंकीच्या दिवशी.”

 थोरल्याला आपले ते हसणे आठवले असावे. त्याने मान खाली घातली.

आई फांदीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिच्या चोचीत एक हिरवी अळी होती. लहान पिल्लासाठी तिने ती दुपारीच शोधली होती आणि तेव्हापासून खाली ठेवली नव्हती. ती एकेक पाऊल टाकत त्याच्यापाशी आली. त्याने डोळे मिटून घेतले. आता आई बोलेल, टोचेल, काय वाटेल ते म्हणेल. म्हणू दे, त्याला वाटले, काहीतरी म्हणू दे.

आईने त्याच्याकडे पाहिले. त्याची हाडे वर आलेली मान पाहिली. मग ती अळी तिने त्याच्या पुढ्यात ठेवली, आणि मागे वळून फांदीवरून हळूहळू घरट्याकडे चालत गेली.

तात्पर्य : जो आवाज सगळ्यात आधी ‘घरी कुणाला सांगू नकोस’ असे बजावतो, तो झाडातून येवो की हातातल्या फोनातून, तो आपल्या भल्याचा नसतो; अशा वेळी लगेच आपल्या माणसांत जाऊन मोठ्याने सांगावे. आणि जो फसला त्याला हसू नये, कारण ते हसू ऐकूनच दुसरा कुणी गप्प बसतो.